भिंत दोघांची, पण पाया?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. उघडून पाहतो तर दोन चुलतभाऊ उभे. दोघांनीही आम्हाला जयभीम घातला, पण एकमेकांकडे ढुंकून पाहिले नाही. थोरले रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, धाकटे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. आम्ही दोघांना एकाच बाकावर बसायला सांगितले, तर मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून बसले. चहा आला तेव्हा थोरले म्हणाले, "हा माझी भिंत पाडायला निघालाय." धाकटे म्हणाले, "भिंत माझीपण आहे, दादा."

झाले होते ते असे. दोघांच्या वडिलांनी, म्हणजे सख्ख्या भावांनी, १९८४ साली शेजारी शेजारी दोन भूखंड घेतले. प्रत्येकी २० फूट रुंद, ४० फूट खोल. हातात पैसा थोडा, प्रेम भरपूर. मधली भिंत दोघांनी मिळून एकच बांधली. नऊ इंची विटांची, वर दोन्ही बाजूंचे पत्रे तिच्यावरच टेकलेले. चाळीस वर्षे कोणाला त्या भिंतीची आठवणही झाली नाही. आता धाकट्यांच्या मुलाचे लग्न ठरले आहे. जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे, वर एक मजला चढवायचा, असा त्यांचा बेत. गवंड्याने सांगितले, "भिंत नऊ इंची आहे, अर्धी तुमची, तेवढी कापून काढू. नाहीतर हिच्यावरच स्लॅब टाकू, भिंत मजबूत आहे." हे ऐकल्यापासून थोरल्यांची झोप उडाली. त्यांच्या सुनेचा ओटा, भांड्यांची मांडणी, पाण्याचा पिंप, सगळे त्याच भिंतीला लागून. नातू रात्री त्याच भिंतीशी झोपतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही काही इंजिनीअर नव्हे. बांधकामावर हजेरी लिहिण्यापासून सुरुवात केली आणि पाहून-विचारून शिकत गेलो, एवढेच. पण अशी भांडणे गेल्या काही वर्षांत इतकी पाहिली की या सदरात एकदा हा विषय घ्यावा असे ठरवले. आपल्या वस्त्यांतली पत्र्याची घरे आता स्लॅबची होत आहेत. वडिलांच्या पिढीने जे तोंडी ठरवले, ते मुलांच्या पिढीत गवंड्याच्या हातोडीखाली येते.

आम्ही दोघांना खरेदीखते आणायला सांगितली. चतुःसीमेत थोरल्यांच्या कागदावर 'पूर्वेस सामाईक भिंत' आणि धाकट्यांच्या कागदावर 'पश्चिमेस सामाईक भिंत' एवढे दोन शब्द. भिंत कोणाच्या जमिनीवर किती इंच, खर्च कोणी किती केला, उद्या वर चढवायची झाली तर काय, यातले काही नाही. सामाईक म्हणजे दोघांची, इतके मात्र त्यातून निघते. आणि दोघांची म्हणजे एकट्याने पाडण्यासारखी नव्हे, एकट्याने जास्तीचा भार टाकण्यासारखीही नव्हे.

अर्धी भिंत कापण्याची गवंड्याची गोष्ट तर ऐकूच नये. नऊ इंची भिंतीत विटा उभ्या-आडव्या लावून एकमेकींत अडकवलेल्या असतात. आडवी वीट या अंगापासून त्या अंगापर्यंत जाते. त्यातली अर्धी भिंत कापायची म्हणजे प्रत्येक आडवी वीट मधोमध तोडायची. उरेल ती चार-साडेचार इंचांची, सांधे हललेली भिंत, आणि तिच्यावर थोरल्यांचे पत्रे.

ही भानगड आपल्याच वाट्याला आली असे समजू नये. विलायतेत लंडन शहराला सप्टेंबर १६६६ मध्ये मोठी आग लागली. सुमारे १३ हजार घरे गेली. घरे लाकडाची, एकमेकांना चिकटलेली, आग एका घरातून दुसऱ्यात चालत गेली. त्यानंतर शहर पुन्हा बांधण्यासाठी पुढच्याच वर्षी कायदा झाला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या हव्यात, असे त्यात होतेच. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम मधल्या भिंतीचे आहे. मधली भिंत दोघांच्या जमिनीवर निम्मी-निम्मी घ्यायची. जो आधी बांधेल त्याने ती पूर्ण बांधायची, आणि शेजाऱ्याला पुढे आपले बांधकाम जोडता यावे म्हणून विटांचे दाते बाहेर ठेवायचे. शेजारी नंतर बांधायला आला की आधी भिंतीचा निम्मा खर्च, वर शेकडा ६ दराने व्याज, पहिल्याला द्यायचा. ते दिल्याशिवाय त्याने त्या भिंतीला हात लावायचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा नियम आम्ही दोघा भावांना सांगितला तेव्हा धाकटे म्हणाले, "म्हणजे गोऱ्यांच्यातपण हेच चालायचं की." थोरले पहिल्यांदा हसले.

आता कोणी विचारील की भिंत एकच ठेवायची भानगडच कशाला? प्रत्येकाने आपापली बांधावी आणि मध्ये जागा सोडावी. ऐकायला बरे वाटते. पण लहान भूखंडावर त्याचा हिशेब काय होतो तो एकदा कागदावर मांडून पाहावा.

महाराष्ट्रात मुंबई आणि आणखी काही भाग वगळून बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू झाली आहे. तिचे नाव लांबलचक आहे, 'एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली', कचेरीत तिला यू.डी.सी.पी.आर. म्हणतात. घराच्या चारी बाजूंना जी मोकळी जागा सोडावी लागते तिला सरकारी मराठीत 'सामासिक अंतर' आणि गवंड्याच्या मराठीत 'मार्जिन' असे नाव आहे. या नियमावलीत ओळीने चिकटून बांधलेल्या घरांना, म्हणजे रो-हाऊसला, वेगळी वागणूक आहे. १२ मीटर किंवा त्याहून अरुंद रस्त्यावरच्या रो-हाऊसला पुढे सव्वादोन मीटर, मागे दीड मीटर, आणि बाजूला शून्य. कोपऱ्याच्या घराला मात्र रस्त्याच्या अंगानेही जागा सोडावी लागते. दुर्बल घटकांच्या योजनांतल्या अगदी लहान भूखंडांना याहूनही कमी अंतरे आहेत.

आमच्या दोघा भावांचा भूखंड घ्या. २० बाय ४०, म्हणजे ८०० चौरस फूट. पुढचे सव्वादोन मीटर म्हणजे साधारण साडेसात फूट, मागचे दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. ४० फूट खोलीतून उरले साडेसत्तावीस फुटांच्या आसपास. बाजूला शून्य सोडायचे असल्याने रुंदी पूर्ण २० फूट मिळते. तळाला साधारण ५५० चौरस फुटांचे जोते बसते. आता समजा एका बाजूला दीड मीटर सोडायला लागले, तर रुंदी १५ फूट आणि जोते ४१० च्या घरात. दोन्ही बाजूंना सोडायला लागले, तर रुंदी राहिली १० फूट, आणि जोते पावणेतीनशे. दहा फुटांत खोली काढली की जिना कुठे काढायचा, आणि जिना काढला की मोरी कुठे! बाजूला जी पाच-पाच फुटांची बोळ राहील तिच्यात मोडकी सायकल आणि उंदीर यांच्याशिवाय काही राहत नाही. म्हणून लहान भूखंडाला रो-हाऊसचाच नियम सोयीचा, आणि म्हणूनच मधली भिंत एकमेकांना चिकटते. तिला पर्याय नाही असे नाही, पण गरिबाला परवडणारा पर्याय नाही.

भिंत एकच ठेवण्यात आणखी थोडा फायदा आहे. दोघांनी आपापली नऊ इंची भिंत उभी केली तर मध्ये दीड फूट विटाच विटा. एकच ठेवली तर दोघांचे मिळून पाऊण फूट वाचते. घराच्या पूर्ण लांबीचा हिशेब केला तर जवळपास वीस चौरस फूट, म्हणजे एक लोखंडी कपाट आणि एक शिवणयंत्र ठेवण्याइतकी जागा. खर्च निम्मा होतो तो वेगळाच.

इथे एक गल्लत नेहमी होते ती सांगून टाकतो. जोत्याने भूखंडाचा किती भाग झाकला, तो एक हिशेब. सगळे मजले मिळून किती बांधकाम केले, तो दुसरा. दुसऱ्याला चटई क्षेत्र म्हणतात. दाट गावठाणाबाहेर या नियमावलीत मूळ चटई क्षेत्र भूखंडाच्या १.१ पट आहे. म्हणजे आपल्या ८०० फुटांवर ८८०. तळाला ५५० बांधले तर वर ३३० च्या आसपास उरतात, पैसे भरून आणखी सवलती मिळतात तो भाग निराळा. "एवढे एफ.एस.आय. शिल्लक आहे" असे कोणी सांगितले म्हणून मागची जागा झाकता येते, असा त्याचा अर्थ नाही. शिल्लक असेल ते वर चढवायचे, मागे पसरवायचे नाही. याच नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांना परवान्याची रीत सोपी केली आहे. पण रीत सोपी झाली म्हणून अंतरे माफ झाली, असा समज करून घेऊन कित्येकांनी नोटिसा ओढवून घेतल्या आहेत.

रो-हाऊसच्या नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी वाचत नाही. एका ओळीत तीनपेक्षा कमी आणि बारापेक्षा जास्त भूखंड नकोत. बारा झाले की मध्ये सहा मीटरची मोकळी जागा किंवा रस्ता. आता आपल्या वस्तीत जाऊन मोजा. काही ओळी तीस-तीस घरांच्या आहेत. मागच्या गल्लीत आग लागली किंवा कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर सगळ्या ओळीला वळसा घालून जावे लागते. याला कारण फक्त लोकांची हाव नाही. ज्याने शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले त्याने मधला रस्ताही विकून टाकला. अशा गुंठेवारी वस्त्या नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ साली त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांसाठी पुढे सरकवली गेली. दंड भरून कागद नियमित होतो. गेलेली गल्ली काही परत येत नाही.

आता मागच्या पाच फुटांबद्दल. इथे दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याचा आम्हाला अधिकार नाही, कारण ती चूक आम्ही स्वतः केली आहे.

२००३ साली आम्ही घर बांधले तेव्हा नकाशात मागे दीड मीटर मोकळे दाखवले होते. जोते तपासणी झाली, दाखला हातात आला, आणि दिवाळीच्या आत आम्ही त्या पाच फुटांवर पत्रे टाकून घेतले. सौ. नको म्हणत होत्या. आम्ही म्हणालो, एवढी जागा वाया कशाला घालवायची, लाकूडफाटा राहील, कपडे वाळतील, पावसात मोरीपर्यंत भिजत जायला नको. आमच्या मागच्या घरमालकानेही तेच केले, कारण आम्ही केले म्हणून. इथेच खरी मेख आहे. मागचे पाच फूट हे एकट्याचे नसतात. आमचे पाच आणि मागच्याचे पाच मिळून दहा फुटांची हवेची गल्ली तयार होते आणि तिच्यावर दोन्ही ओळींची स्वयंपाकघरे श्वास घेतात. आम्ही आमचे पाच झाकले तेव्हा त्यांचे निम्मे आम्ही घेतले. त्यांनी झाकले तेव्हा आमचे उरलेले गेले. पुढच्या भिंती, बाजूच्या भिंती आधीच बंद. घराला उजेड यायला एकच बाजू राहिली, पुढची.

पहिल्या पावसाळ्यातच स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली. दुपारी बारा वाजता दिवा लावून सौ. पोळ्या लाटत. कपडे वाळत, पण त्यांना कुबट वास यायचा. सांडपाण्याचा चेंबर त्याच पाच फुटांत होता. तो तुंबला तेव्हा सफाईवाल्याला बाहेरून यायला वाटच नाही, सगळी घाण घरातून बादल्यांनी पुढच्या दारी न्यावी लागली. त्या दिवशी सौ. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. तरी आम्ही पत्रे काढले नाहीत. काढले ते २०११ साली. सूनबाई बाळंत होऊन घरी आल्या आणि बाळाला सकाळचे कोवळे ऊन द्यायला मागे अंगण शोधू लागल्या. अंगण नव्हतेच. "बाबा, नकाशात तर मागे जागा आहे," असे त्या सहज म्हणाल्या. नकाशा त्यांनी कधी पाहिला होता कोण जाणे. पुढच्या रविवारी आम्ही स्वतः शिडी लावून पत्रे उतरवले. मागच्या घरमालकाने अजून काढलेले नाहीत. दहा फुटांतले पाच परत मिळाले, त्यावर भागवतो.

जागा सोडण्याच्या या नियमाला मुंबईत माणसांच्या जिवाची किंमत मोजावी लागली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्त्यांत, जिथे एका घराची मागची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूला भिडलेली, आतल्या खोल्यांना उजेड नाही, तिथे कामगार माणसे राहत होती. सरकारने १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने गल्ल्या पाडल्या, रस्ते रुंद केले, आणि त्यात हजारो गरीब बेघरही झाले, हे विसरता येत नाही. पण ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास एका साध्या मापाचा आग्रह धरला. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ऐकायला अवघड, पण अर्थ सोपा आहे. इमारतीची उंची जितकी, तिच्या निम्मी मोकळी जागा तिच्यासमोर हवी. मग तळमजल्याच्या खिडकीतूनही आकाशाचा तुकडा दिसतो. चाळीस फूट उंच चाळ असेल तर वीस फूट मोकळे. ट्रस्टच्या चाळींमध्ये जे चौक आणि मोकळ्या पट्ट्या दिसतात त्यांच्यामागे उजेड-वाऱ्याचा हाच विचार आहे. परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेबांनी कित्येक वर्षे संसार केला आणि तिथेच रात्र रात्र वाचन केले, हे आपल्याला माहीत आहे. खोल्या लहानच होत्या.

आमचे मागचे पाच फूट याच मापात घालून पाहा. आमचे पाच आणि मागच्याचे पाच, मिळून दहा. म्हणजे दोन्ही घरे वीस फुटांच्या आत राहिली तरच, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला, खालच्या स्वयंपाकघराला थोडे आकाश दिसणार. तिसरा मजला चढवणाऱ्याने खालच्या बाईचा दिवा भरदुपारी लावला असे समजावे.

खिडकीचेही असेच. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्राच्या निदान दहाव्या भागाइतकी, आणि दमट उष्ण हवामानासाठी सहाव्या भागाइतकी उघडी जागा सांगितली आहे. १० बाय १२ च्या खोलीला मराठवाड्यात १२ चौरस फूट, कोकणात २० चौरस फूट. आता ही खिडकी कुठल्या भिंतीत काढायची? शेजारचा भूखंड रिकामा असेल तर पुष्कळ जण बाजूच्या भिंतीत काढतात. वारा छान येतो. दोन वर्षांनी शेजारी बांधायला येतो आणि त्याची भिंत आपल्या खिडकीला येऊन टेकते. मग कोर्टाच्या गोष्टी सुरू होतात. वहिवाटीच्या हक्काचा १८८२ चा कायदा आहे, पण त्यात उजेड-वाऱ्याचा हक्क वीस वर्षे सतत उपभोगल्यावर मिळतो. दोन वर्षांच्या खिडकीला काही मिळत नाही. रो-हाऊसच्या ओळीत बाजूची भिंत ही आंधळीच ठेवायची असते. खिडक्या पुढे आणि मागे. मागची जागा पत्र्याने झाकली की तीही खिडकी गेली.

धाकट्या भावाने मध्येच विचारले, "मग सामाईक भिंत नकोच, असं कोणी केलंय का?" केले आहे. नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ च्या दरम्यान एक वसाहत बांधली, तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. ४५ ते ७५ चौरस मीटरचे लहान लहान भूखंड, सात-सात घरे एका आठ मीटर बाय आठ मीटरच्या चौकाभोवती. कोरियांनी मुद्दाम एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही. कारण हेच की ज्याला जेव्हा पैसा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे, शेजाऱ्याला विचारावे लागू नये. पुढे लोकांनी घरे वाढवली, कित्येकांनी जुनी पाडून मोठी बांधली. त्यासाठी शेजाऱ्याची भिंत तोडावी लागली नाही. पण तिथे सगळी आखणी आधी एका हाताने झाली होती. आपल्याकडे आधी तुकडे विकले जातात, मग घरे होतात आणि सगळ्यात शेवटी नकाशा येतो.

असो. दोघा भावांकडे वळू.

आम्ही ओळखीच्या एका तरुण इंजिनीअरला बोलावले. आपल्याच वस्तीतला मुलगा आहे, फी घेतली नाही, दोन्ही घरी चहा मात्र घेतला. त्याने पहिले काम काय केले असेल? भिंतीकडे पाहिलेही नाही. धाकट्यांच्या बाजूने भिंतीच्या बुडाशी दोन फूट लांबीचा खड्डा खणायला लावला. अडीच फुटांवर दगडी पाया संपला. खाली काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर पत्र्याचे घर चाळीस वर्षे उभे राहिले, कारण पत्र्याचा भार तो काय! मुरूम लागला पाच फुटांखाली. त्या पायावर स्लॅब टाकली असती तर भिंत थोरल्यांच्या सुनेच्या ओट्यावर बसली असती, हे त्याने दोघांनाही खड्ड्यात उतरवून हाताने माती चुरगाळून दाखवले. धाकटे बराच वेळ त्या खड्ड्यातच उभे होते. वर आले तेव्हा म्हणाले, "गवंडी तर म्हणाला होता मजबूत आहे."

मग ठरले ते असे. जुनी भिंत जागेवर राहणार, ती थोरल्यांची पाठ सांभाळणार. धाकट्यांनी तिच्यावर काही टाकायचे नाही. त्यांनी आपल्या हद्दीत, भिंतीपासून दोन इंचांची फट सोडून, स्वतःचे आर.सी.सी.चे कॉलम घ्यायचे, मुरमापर्यंत. पायाचा पसारा थोरल्यांच्या घराखाली जाऊ नये म्हणून कडेच्या कॉलमचा पाया आतल्या अंगाला ठेवून तो मधल्या कॉलमशी जमिनीखालून तुळईने बांधायचा. यात धाकट्यांची सव्वा फुटाच्या आसपास रुंदी जाते. ते कुरकुरले. होणाऱ्या सुनेची खोली लहान होते आहे, असे म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. त्यावर थोरले पटकन म्हणाले, "मी माझं घर पाडीन तेव्हा ही भिंत काढू आणि तुझी जागा तुला सोडीन. लिहून घे." ते आम्ही लिहूनच घेतले.

खणण्याची रीतही लिहिली. सगळा चर एकदम उघडायचा नाही. चार-चार फुटांचे तुकडे पाडायचे, एक सोडून एक खणायचा, खणलेला काँक्रीटने भरून पक्का झाला की मगच मधला उघडायचा. जुन्या भिंतीच्या पायाखालची माती एकदम मोकळी झाली की ती सरकते, हे दुर्घटना झाल्यावर सगळ्यांना कळते. पावसाळ्यात खणायचे नाही. काम सुरू होण्याआधी थोरल्यांच्या घरातल्या भिंतींचे फोटो काढायचे, ज्या भेगा आज आहेत त्यांच्याशेजारी पेन्सिलने तारीख घालायची. नव्या भेगा पडल्या तर धाकट्यांनी बुजवून द्यायच्या. दोन भिंतींमधल्या फटीत पावसाचे पाणी उतरू नये म्हणून वर पत्र्याची टोपी, खर्च निम्मा-निम्मा. भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर वायरिंगची खाच पाडायची नाही. हे शेवटचे कलम सूनबाईंनी सुचवले, कारण त्यांच्या बोर्डाच्या बरोबर पलीकडे धाकट्यांचा बोर्ड होता आणि इकडे खिळा ठोकला की तिकडे बटण हलत असे.

हे सगळे आधी स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करायचे, असे दोघे म्हणत होते. शंभराचा स्टॅम्प २०२४ पासून पाचशेचा झाला आहे, तेवढेच पैसे जातील, हा हिशेब. वकिलांनी समजावले की जागेचा हक्क सोडण्या-घेण्याची जी गोष्ट आहे ती नोंदणी कार्यालयात नोंदवलेली बरी, नोटरीचा कागद तिथे लंगडा पडतो. खाच आणि पत्र्याची टोपी नोटरीवर चालेल, सव्वा फुटाचे वचन चालणार नाही. म्हणून दोन कागद झाले. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी मागितली आहे. भिंतीचा मध्य हीच हद्द आहे असे दोघेही चाळीस वर्षे धरून चालले आहेत, पण ते कोणी मोजून पाहिलेले नाही. मोजणीत ती दोन-चार इंच इकडे-तिकडे निघाली तर काय करायचे, हेही थोरल्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, निघेल ती निघेल, भिंत जिथे आहे तिथेच ठेवा.

मागच्या जागेचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतो आहे. धाकट्यांच्या नकाशात मागे दीड मीटर मोकळे दाखवले आहे. मुलगा म्हणतो, दाखला आला की तिथे बाईक ठेवायला शेड मारू. आम्ही त्याला आमच्या घरी बोलावले आहे. सौ. त्याला चेंबरची गोष्ट सांगणार आहेत.